शेजारशेजारच्या दोन खोल्या

सहकारनगर, पुणे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आप्पा,
स. न. वि. वि.

फोन करावा तर तुझ्या कानांशी भांडण, मोबाईलवर काही पाठवावं तर तुझ्या तत्त्वांशी. तेव्हा पत्र.

मी गाडी घेतली आहे. जुनीच, पण माझ्यापेक्षा बरी चालते. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, आमची ही जाऊन सहा. एवढ्या काळात माझा सगळा प्रवास घर ते मंडई आणि मंडई ते घर. आता चार दिवस नगर जिल्हा फिरायचा ठरवलाय. हसू नकोस. तिथेच शिकलो, पण निघोजचे रांजणखळगे अजून पाहिलेले नाहीत. वीस तारखेला निघून शिरूरवरून निघोज, राळेगणसिद्धी, मग संगमनेर, अकोले, भंडारदरा.

मुक्कामासाठी स्वस्त आणि स्वच्छ जागा सुचव. हे दोन शब्द एका पाटीवर नेहमी असतात, एका खोलीत क्वचित. इंटरनेटवरच्या फोटोंत प्रत्येक लॉजच्या पलंगावर टॉवेलाचे दोन हंस बसवलेले दिसतात. मला हंस नकोत, गरम पाणी हवं. खाली परमिट रूम नको, वर मंगल कार्यालय नको. दोन खोल्या लागतील, शेजारशेजारच्या. सोबत एक जुनी ओळख आहे.

नगर शहर वाटेत येत नाही, म्हणून तुझ्याकडे उतरणं होणार नाही. राग मानू नकोस. केशरवहिनींना नमस्कार.

तुझा,
शामकांत

●

सावेडी, नगर
८ नोव्हेंबर

प्रिय शामकांत,

पत्र पोचले. माझ्याकडे न उतरण्याचे कारण पटले नाही, परंतु मुद्द्याकडे वळतो.

चौतीस वर्षांच्या नोकरीत सहली आणि परीक्षा केंद्रे यांच्या निमित्ताने मी जिल्ह्यातल्या बहुतेक लॉजवर झोपलो आहे. खोली दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, न्हाणीघराच्या जाळीकडे पाहावे. उशीचा अभ्रा हुंगावा. गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीचा हार सुकलेला असेल तर चादरीही त्याच वयाच्या समजाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, वहीत नाव लिहिताना नाते विचारतात का, ते पाहावे. जिथे विचारत नाहीत तिथे सभ्य माणसाने थांबू नये. हल्ली फार सैलपणा आला आहे.

टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे, रस्त्यालगत एक नवे लॉज आहे. मालक नियमाचा पक्का. संगमनेरला बसस्थानकाच्या मागे एक आहे, तेही चोख. भंडारदऱ्याला मात्र शोधू नकोस. शेंडी गावात गहिनीनाथ म्हणून माझा राजूरच्या शाळेतला विद्यार्थी आहे. त्याच्या चारच खोल्या आहेत. त्याला मी आजच लिहितो.

दोन पुरुषांना दोन खोल्या कशाला, ते कळले नाही. सोबतचे गृहस्थ तुझ्या बँकेतले घोरणारे कर्णिक असतील तर मागणी समर्थनीय आहे.

जाता जाता एक. प्रेमलाची कधी चौकशी करतोस का? भावजी जाऊन नऊ वर्षे झाली, तिचा मुलगा अनिमेष नोकरीपायी बेंगळुरूला, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर तर ती फारच एकटी पडली असणार. एका शहरात राहता. वर्षाकाठी एकदा तरी डोकावत जा. माझी बहीण संकोची आहे, आपणहून बोलणार नाही.

आप्पासाहेब

●

धनकवडी, पुणे
१२ नोव्हेंबर

ती. आप्पास सा. न.

माझा गुडघा आता बरा आहे, जिने चढते. वीस तारखेपासून चार दिवस सहलीला जाते आहे. वहिनीने घरी फोन केला तर कोणी उचलणार नाही, म्हणून कळवते. माणसं ओळखीची आहेत, काळजी करू नकोस. बाकी आल्यावर लिहीन.

वहिनीला विचारलं म्हणून सांग.

प्रेमला

●

नगर
१६ नोव्हेंबर

चि. प्रेमलास अनेक आशीर्वाद.

सहलीचे वाचून समाधान वाटले. महिला मंडळात नाव घाल असे मी दोन वर्षे सांगत होतो. बायकांनी बायकांत रमावे. शाल विसरू नये. बसमध्ये मागच्या चाकावरची जागा घेऊ नये.

नेमका शामकांतही त्याच दिवसांत बाहेरगावी निघाला आहे, नाहीतर तुझ्या घराच्या कुलपाकडे लक्ष ठेवायला त्यालाच सांगितले असते. योग नाही.

आप्पा

●

शेंडी, भंडारदरा
२५ नोव्हेंबर

आदरनीय गुरुजींस गहिनीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

माझी पोरगी पूजा म्हनली, बाबा, मोबाईलवर कळवा. मी म्हनलं, गुरुजींना पत्रच लागतं, आन त्ये लाल पेनानं तपासून परत येतं. तवा चुका माफ करा, न्हाईतर तपासून धाडा.

तुमची मानसं शुक्रवारी दुपारी चारला आली. धरनाच्या अंगाच्या दोन खोल्या झाडून ठेवल्या हुत्या. सायेब उतरल्याबरूबर न्हानीघराची जाळी बघाया गेले, मंग उशी हुंगली. मी म्हनलं ह्यो मानूस आमच्या गुरुजींच्या तालमीतला दिसतोय. बाई मातुर वट्यावरच बसल्या. म्हनल्या, "खोली नंतर बघते. आधी सांगा, तुमच्या वहीत नात्याचा रकाना आहे का?" मी म्हनलं, रकाना हाय, पन त्यात आमी गाडीचा नंबर लिवतो, जागा मोठी हाय म्हनून. बाई येवढ्या हसल्या की डोळ्यातून पानी आलं. कशापायी त्ये मला कळलं न्हाई.

नाक तर तुमचंच. मी इचारलं, तुमी गुरुजींच्या कोन? म्हनल्या, "धाकटी बहीण, प्रेमला." मंग काय, माझ्या बायकूनं, चांगुनानं, चूल पेटवली, बाजरीची भाकर, उडदाचं आमटं. रईवारी सकाळी दोगं रतनवाडीचं देऊळ बघून आले. सायेब गाडी लई सावकाश चालवत्यात म्हनून बाईंनी रागं भरलं. मंग वट्यावर धरनाकडं तोंड करून दुपारपत्तर बोलत बसले. काय बोलले त्ये मी ऐकलं न्हाई.

गुरुजी, ल्हान तोंडी मोठा घास घेतो. हिकडं इधवा बाई भावाच्या दोस्ताबरूबर फिराया निघाली, तर पयला भाऊच काठी घिऊन उभा ऱ्हातो. आन तुमी सोताहून खोल्या सांगून ठेवल्या! लई मोठं मन लागतं. तुमच्या छडीनं जे कळलं न्हाई त्ये या वागन्यानं कळलं. चार लोकांना मी सांगितलं बी.

तुमचा इद्यार्थी,
गहिनीनाथ

●

नगर
२९ नोव्हेंबर

श्री. शामकांत यांस,

गहिनीनाथचे पत्र मिळाले. मी ते तपासले. शुद्धलेखनाच्या चुका मोजता आल्या नाहीत. मजकुरातही एखादी असावी अशी फार इच्छा होती, सापडली नाही.

मी तुला लॉज सुचवली. कोणासाठी, ते मला एका विद्यार्थ्याकडून कळावे? वर तो माझ्या मोठ्या मनाचे कौतुक गावभर करतो आहे. पन्नास वर्षांची मैत्री मी इथे थांबवतो. उत्तर नको.

आ. सा.

●

पुणे
६ डिसेंबर

ती. आप्पास सा. न.

उत्तर नको असं तू शामकांतला लिहिलंस, मला नाही. म्हणून मी लिहिते आहे.

ऑपरेशननंतर दोन महिने माझा जेवणाचा डबा शामकांत आणत होता. तू तेव्हा मला चार पानी पत्र पाठवलं होतंस, वेदनेने माणूस खंबीर होतो असं. पत्र चांगलं होतं. डबा गरम होता. मी बरी झाले, डबा थांबला, पण तो दर गुरुवारी येत राहिला. तीन वर्षं झाली. आम्ही चहा पितो, पेपरातल्या बातम्यांवरून भांडतो. आता तरी कुठेतरी जाऊ या, असं मीच म्हटलं. त्याने नाही.

निघोजला नदीच्या खडकांत मी अनवाणी फिरले. राळेगणला एका ओट्यावर बसून दशम्या खाल्ल्या. तिथवर सगळं छान झालं. मग तुझ्या टाकळीच्या लॉजवर गेलो.

गल्ल्यावरच्या माणसाने आधारकार्डं बघितली. आडनावं वेगळी, पत्ते वेगळे. "बाई कोण तुमच्या?"

शामकांत म्हणाला, "मैत्रीण."

"मैत्रिणी चालत नाहीत. फॅमिली लॉज आहे."

"अहो, दोन वेगळ्या खोल्या हव्यात."

"मग तर मुळीच नाही. ज्यांच्या मनात काही असतं तेच मुद्दाम वेगळ्या मागतात."

मागे एक कुटुंब रांगेत उभं होतं, आप्पा. त्यांच्यातल्या सुनेने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझ्या हातात औषधांची पिशवी आणि गुडघ्याचा पट्टा होता. मला जमीन दुभंगावी असं वाटलं नाही, मला तिथली घंटा उचलून फेकावीशी वाटली.

संगमनेरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दोघंही दमलो होतो. तिथेही तोच प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत शामकांत म्हणाला, "बहीण." लगेच किल्ल्या मिळाल्या. "या ताई, बसा ताई" म्हणत गरम पाण्याची बादलीसुद्धा वर आली. आणि मी दार लावून रडले.

सकाळी चहाला मी विचारलं, "मला बहीण का केलंस?"

म्हणाला, "लगेच खपेल असा तो एकच शब्द होता."

"मग खरा कुठला?"

तो चहा ढवळत बसला. साखर घातलेलीच नव्हती. मी म्हटलं, मला एक भाऊ आहे आणि तो मला पुरून उरतो.

शेंडीला गेलो ते तुझ्या नावावर. तिथे कोणी काही विचारलं नाही. नातं विचारत नाहीत तिथे सभ्य माणसाने थांबू नये, असं तू लिहिलं होतंस ना? जिथे विचारलं तिथे एकदा आम्ही अपमान गिळला आणि एकदा खोटं बोललो. जिथे विचारलं नाही तिथे सभ्यपणे राहिलो.

मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही. परवानगी मागत नाहीये. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी भावाची परवानगी मागणं तुलाही शोभणार नाही आणि मलाही.

प्रेमला

●

नगर
१२ जानेवारी २०२६

चि. प्रेमलास अनेक आशीर्वाद.

पाच आठवडे लिहिले नाही. विचार करीत होतो. प्रथम राग आला, मग लाज, मग राग का आला याची लाज. केशर मला एवढेच म्हणाली की, "प्रेमलावन्सं चांगल्या बोलत्या तरी झाल्या." मला ते लागले.

तेव्हा निर्णय घेतला आहे. तुम्ही उभयतांनी विवाह करावा. विवाह नोंदणी कार्यालयात मी स्वतः जाऊन फॉर्म आणले. एक महिन्याची नोटीस लागते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा योग्य दिसतो. मोजके चाळीस लोक, साधे जेवण. तीन काकांच्या घरी मी समक्ष जाऊन सांगितले, विरोध करणाऱ्यांना गप्प केले. अनिमेषलाही पत्र टाकले आहे. केशरने तुझ्यासाठी मोरपंखी साडी आणली.

शामकांतशी मैत्री पूर्ववत समजावी. यापुढे कोणत्याही लॉजवर कोणी तुम्हाला दारातून परतवणार नाही. काळाबरोबर बदलले पाहिजे, हे मी सेवानिवृत्तीच्या भाषणातही म्हणालो होतो.

आप्पा

●

पुणे
१९ जानेवारी

ती. आप्पास सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा उत्तराला बसले. तू माझ्यासाठी काकांशी भांडलास, हे मी विसरणार नाही.

पण लग्न करायचं नाहीये मला.

शेंडीला ओट्यावर शामकांतने विचारलं होतं. मी वेळ मागून घेतला. तेव्हा खरंच ठरत नव्हतं. तुझं पत्र आलं, त्यात तारीख, जेवण, चाळीस माणसं, सगळं वाचलं आणि माझं ठरलं. एकतीस वर्षं मी एका माणसाच्या वेळा सांभाळल्या. ते वाईट नव्हते, पण त्यांचा चहा, त्यांची आंघोळ, त्यांची झोप, यांच्यामध्ये जी जागा उरे तेवढी मी होते. शामकांत पहाटे पाचला रेडिओ लावतो. प्रत्येक पंपावर थांबून हवा तपासतो. चाळीसच्या वर गाडी नेत नाही. चार दिवस मला या सगळ्याची गंमत वाटली. पाचव्या दिवशी घरी येऊन माझं दार माझ्या किल्लीने उघडलं, तेव्हा त्याहून बरं वाटलं. दोन्ही खरं आहे. मला दोन्ही हवं आहे.

सोळा फेब्रुवारीला, सोमवारी, आम्ही नेवाशाला आणि पुढे पैठणला निघतोय. या वेळी वाटेत नगर लागतं. दार उघडणार असशील तर चहाला येऊ.

अनिमेषचा फोन आला होता. म्हणाला, "आई, मामाने मला लग्नाला यायला सांगितलंय, पण कोणाच्या ते लिहिलेलं नाही."

प्रेमला

●

पुणे
२० जानेवारी

प्रिय आप्पा,

विरोध करायला तू एकटा असशील अशी माझी समजूत होती. तुझी समजूत घालायची तयारीही मी केली होती, मुद्दे काढून ठेवले होते. ते वाया गेले.

रागावू नकोस, पण एक सांगतो. तू नकार धरून बसला असतास तर प्रेमलाने हट्टाने का होईना, होकार दिला असता. तू होकार दिलास! चाळीस माणसांच्या जेवणासकट दिलास!

मला वाईट वाटलं का? वाटलं. गुरुवारी चहाला गेलो तर तिने नेहमीसारखा पेपर पुढे केला आणि म्हणाली, "बोल, कुठून सुरुवात करायची भांडायला?" मग मी बसलो. उठून जाण्याएवढं वाईट वाटलं नव्हतं.

पहाटेचा रेडिओ आता कमी आवाजात लावून बघतोय. घरी एकटाच आहे, कोणाला त्रास नाही, तरी.

शामकांत

●

सावेडी, नगर
३ फेब्रुवारी

प्रिय प्रेमलावन्सं,
केशरचा सप्रेम नमस्कार.

या घरातून चाळीस वर्षं पत्रं यांनीच लिहिली. "केशर बरी आहे" हे वाक्य शेवटी माझ्या वतीने असायचं. म्हणून अक्षर ओळखू येणार नाही.

तुमचं पत्र आल्यापासून हे गच्चीवर फेऱ्या मारतात. तीनही काकांकडे पुन्हा जाऊन, लग्न नाही म्हणून सांगायचं यांना अवघड झालंय. काल म्हणाले, "आता लोकांना काय सांगू, ते कोण आहेत एकमेकांचे?" मी म्हटलं, "सांगू नका. मला कोणी विचारलंय का कधी, मी तुमची कोण?" तर म्हणाले, "तू बायको." मी म्हटलं, "ते झालं नातं. मी विचारते, कोण." त्यावर जेवायला बसले, पण पानातली भाजी तशीच राहिली. यांचं मन वाईट नाही, वन्सं. सवय वाईट आहे. चहाला या, दार उघडं असेल, आणि हे बोलतीलही. आधी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलतील. बोलू द्या.

आता माझं. गहिनीनाथचं पत्र मी यांच्या टेबलावरून घेऊन वाचलं, तुमचीही वाचली. तुम्ही तिघं लॉजबद्दल एवढं लिहिता, आणि मी आजवर एकाही लॉजवर राहिलेले नाही. आम्ही जिथे गेलो तिथे यांचा कोणी ना कोणी असायचा. भाचा, साडू, जुना शिक्षक. आम्ही त्यांच्याकडे उतरायचो, हे ओसरीवर गप्पा मारायचे आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचे. नाशिक पाहिलं म्हणजे नाशिकच्या पोळपाटावर पोळ्या केल्या. कोल्हापूर तसंच.

मला तुमच्याबरोबर नेवाशाला यायचं आहे. काल यांना सांगितलं. म्हणाले, "कोणाला विचारून?" मी म्हटलं, "विचारत नाहीये, कळवतेय." शब्द तुमचेच असतील, पण तोंडात बरे वाटले. मग म्हणाले, "मी आलो तर?" मी म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

सोमवारी गाडी कोपऱ्यावर थांबवू नका, अगदी दारासमोर आणा. मी मागे बसेन. शामकांतभावजींना चाळीसनेच चालवू द्या, मला सगळं बघत यायचं आहे.

एकच मागणं आहे. खोली सांगताना मला तुमच्या खोलीत घालू नका. राग नाही ना? मला वेगळी हवी. वडिलांच्या घरी आम्ही पाच बहिणी एका खोलीत, मग इथे सासूबाई, मग हे, मग मुलं, मग पुन्हा हे. अडुसष्ट वर्षांची झाले, पण आतून कडी लावून, एकटी, दिवा माझ्या मनाने कधी मालवायचा ते ठरवून, अशी मी कधी झोपलेलीच नाही. झोप येईल की नाही, तेही माहीत नाही. येईपर्यंत जागी राहीन म्हणते.

तुमची,
केशर